गोरा केलास कायले?

संपादकांनी मला एका कवितासंग्रहावर लिहायला सांगितलं होतं. संग्रह वाचून झालाय, लिहीन पुढच्या अंकात. या खेपेला भिंतीवर लिहितो. भिंतीवरच्या चित्रावर. चित्र आमच्याच सावलीत, आमच्याच वस्तीत काढलेलं. त्याची समीक्षा कुठल्याच पेपरात येणार नाही. ज्यांना समीक्षा करता येते ते आमच्या गल्लीत येत नाहीत, आणि गल्लीत राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याच पोरांनी काढलंय, त्याला कशाला नावं ठेवायची. मला नावं ठेवायची आहेत. आपल्या चित्राला आपणच नावं ठेवली नाहीत तर ती ठेवायला दुसरे टपलेलेच आहेत.

मी राईस मिलमध्ये काम करतो. नववीत शाळा सुटली. चित्रकलेचं पुस्तक कधी हाती धरलं नाही. जे पाहिलं ते दुकानाच्या पाट्या, नाटकाचे पडदे, विहारातला बुद्ध आणि कॅलेंडरावरचे बाबासाहेब. बाकीचं मोबाइलवर. तेव्हा माझी फूटपट्टी मिलमधली आहे, ती आधीच सांगून ठेवतो.

15 डिसेंबर 2024 ला परभणीत सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत वारले. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो, कारण आपण माणसं विसरत नाही, तारखा विसरतो. 10 डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि मग वस्त्यांत घुसून पोलिसांची धरपकड. त्यात हे सापडले. वय 35. कायद्याचा अभ्यास करत होते. वडार समाजाचे. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण निघालं. सरकारनं सभागृहात सांगितलं की छळ झाला नाही. शेवटी जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं की पोलिसांवर गुन्हा नोंदवा, आणि सरकार त्याच्यावर सुप्रीम कोर्टात गेलं तर तिथंही तेच टिकलं. माणूस मेल्यावर नुसता गुन्हा नोंदवायला सात महिने आणि दोन कोर्टं.

वर्ष भरत आलं तसं आमच्या पोरांनी ठरवलं, भिंत रंगवायची. भिंत एका आजीच्या घरकुलाची, रस्त्याकडची बाजू, सिमेंटचं प्लास्टर, उंची नऊ-दहा फूट. पेंटर आमच्यातलाच. फ्लेक्स आले तशी त्याची पाट्यांची कामं गेली. आता लग्नघराच्या भिंती आणि दिवाळीनंतर नाटकाचा हंगाम यावर त्याचं पोट. डिसेंबर म्हणजे झाडीपट्टीत नाटकांची गर्दी आणि मिलमध्ये धानाची. त्यामुळं तो रात्री यायचा, मी पाळी सुटल्यावर जायचो आणि बॅटरी धरायचो. मोबाइलवरच्या एका लहानशा फोटोवर त्यानं चौकटी पाडल्या, भिंतीवर दोरीनं तेवढ्याच चौकटी पाडल्या आणि एकेक चौकट मोठी करत गेला. हात चांगला आहे त्याचा. नाक, डोळे, कपाळ, सगळं जिथल्या तिथं बसलं.

सकाळी आजी दात घासत घासत बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा कोन होय बाबू? फोटोतला पोरगा त कारा होता. गोरा केलास कायले?"

आमच्या झाडीबोलीत ळ नाही. काळा तो कारा, निळा तो निरा. पेंटर हसला. म्हणाला, "आजी, गोरा केला का उठून दिसते."

या एका वाक्यावर मला लिहायचं आहे.

आमच्या मिलमध्ये धान आधी शेलरमध्ये जातं. तूस निघतं. आत जो तांदूळ असतो तो लालसर, मळकट दिसतो. तो पॉलिशरमध्ये घालतात. पॉलिशर त्याची साल खरवडतो, ती कोंडा होऊन वेगळी पडते आणि तांदूळ दुधासारखा बाहेर येतो. कस सगळा कोंड्यात जातो. भाव पांढऱ्याला. आठ तास मी हेच बघतो. म्हणून पेंटरचं वाक्य ऐकलं आणि मला मशीनचा आवाज ऐकू आला. उन्हात वाढलेल्या माणसाला आपण मेल्यावर पॉलिश मारला.

आणि हे एकट्या पेंटरचं नाही. गावोगावच्या आपल्या भिंती बघा. बाबासाहेबांचे जुने काळेपांढरे फोटो एका बाजूला ठेवा आणि भिंतीवरचे बाबासाहेब दुसऱ्या बाजूला. गाल गुलाबी, ओठ लाल, चेहरा दुधाळ. बुद्ध सोनेरी. रमाई तर सिनेमातली. ज्यांनी हजारो वर्षं आम्हाला काळे, ओंगळ म्हणून बाहेर ठेवलं, त्यांचीच सुंदरपणाची व्याख्या आम्ही ब्रशाला बांधून घेतली. कवितेत आम्ही ही व्याख्या फोडली. गोलपिठा 1972 ला आला आणि मराठी कवितेच्या अंगावरची इस्त्री कायमची मोडली. कथेत बाबूराव बागुलांनी फोडली. शाहिरीत तर ती कधी नव्हतीच. चित्रात मात्र आम्ही अजून मालकाच्या दिवाणखान्यातच बसलो आहोत. नागपूरच्या सवि सावरकरांसारखा एखादा, गळ्यात मडकं बांधलेला अस्पृश्य रंगवतो, काळ्या जाड रेषेत, बघवत नाही असा. पण ती चित्रं दालनात. वस्तीत आली नाहीत.

आता अमेरिकेचं सांगतो, कारण पोरांना भिंतीची कल्पना तिथूनच सुचली होती. 25 मे 2020 ला मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून त्याला मारलं. तीनचार दिवसांत, तो जिथं मेला त्याच चौकातल्या दुकानाच्या भिंतीवर त्याचं चित्र उभं राहिलं. मी ते मोबाइलवर पुष्कळदा बघितलं. मागं मोठं सूर्यफूल आहे. फुलाच्या मधल्या काळ्या गोलात बारीक अक्षरांत नावं आहेत, पोलिसांच्या हातून आधी मेलेल्यांची. म्हणजे चेहरा एकाचा, पण त्याच्या पाठीशी गर्दी उभी. ही चित्रकाराची अक्कल. ज्याला सूर्यफूल बघायचं तो सूर्यफूल बघतो, जवळ जाणाऱ्याला नावं दिसतात.

आमच्या भिंतीवर मागं काय आहे? आकाश. फिकट निळं आकाश आणि दोन पांढरे ढग. लग्नघरच्या भिंतीवर वधूवरांच्या मागं असतात तेच.

आमचं त्यांचं नातं जुनं आहे. 1946 साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. 1972 ला पँथर उभी राहिली ती नावासकट तिकडून स्फूर्ती घेऊन. पण नाव घेतलं, चित्र घेतलं नाही. तिकडच्या पँथरच्या पेपरात एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता. स्वस्त कागद, एकदोन रंग, जाड काळी रेघ. पोलीस म्हणजे डुक्कर, आणि गरीब काळी बाई म्हणजे राणी, पण राणी असून हातात झाडू, पायात फाटकी चप्पल. ती चित्रं लोक फाडून घरात चिकटवायचे. 1967 ला शिकागोच्या काळ्या वस्तीत एका पडक्या इमारतीवर चित्रकारांनी आपल्या माणसांची चित्रं काढली, गाणारे, लिहिणारे, लढणारे, आणि तिला नाव दिलं आदराची भिंत. पुढं आग लागली आणि 1972 ला इमारत पाडली. पण भिंत गेली तोवर गावोगाव भिंती बोलायला लागल्या होत्या. त्याच 1972 ला इकडं आमची पँथर जन्मली. आमच्याकडं भिंतीवर घोषणा आल्या, हत्ती आला, चित्र म्हणाल तर बाबासाहेबांच्या पुढं गेलं नाही.

पण नक्कल करताना एक फरक ध्यानात घ्यायला हवा, आणि इथं पोरांचं माझं भांडण झालं. तिकडं चेहरा हाच पुरावा आहे. काळा चेहरा भिंतीवर आला की का मारला हे लिहावं लागत नाही. इथं शिपाई चेहरा बघून थांबत नाही. तो आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाही तर वस्ती विचारतो. जात कातडीवर लिहिलेली नसते, ती ठाण्याच्या वहीत लिहिलेली असते. म्हणून नुसता चेहरा काढून आमचं भागत नाही. चेहऱ्याच्या भोवती काहीतरी लागतं. वस्ती लागते, काम लागतं, तारीख लागते. नाही तर तो चेहरा कोणाचाही होतो. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात जे दहाबारा चेहरे असतात, त्यातला एक.

तुम्ही म्हणाल, कातडीवर नसतं तर गोरा केला म्हणून एवढा का चिडलास? चिडलो, कारण तो ज्या उन्हानं, ज्या कामानं तसा झाला होता तेच पुसलं गेलं. रंग म्हणजे जात नव्हे. रंग म्हणजे राबलेल्या पिढ्यांचा हिशोब आहे, आणि हिशोब पेंटरनं पुसायचा नसतो.

मग काय काढायचं मागं? मी म्हटलं, दगड काढा, घण काढा. वडार म्हणजे दगड फोडणारा, भिंती बांधणारा समाज. या देशातल्या किती भिंती, किती पूल, किती धरणं वडारांच्या घणाखालून निघाली. ज्याच्या आजापणज्यानं भिंती बांधल्या त्याचं चित्र भिंतीवर. मला वाटलं, काय सुचलंय आपल्याला. कविता लिहिणाऱ्याला अशी खाज असतेच.

आमच्यातला एक पोरगा गडचिरोलीला कॉलेजात आहे. तो एकदम उसळला. म्हणाला, "तो वकील व्हायले निघाला होता ना दादा? घण टाकून पुस्तक धरलं त्यानं. मेल्यावर तुमी त्याच्या हातात घण परत देता?"

मी गप्प बसलो. उत्तर नव्हतं. आजही नाही. मी जे त्याला परत करायला निघालो होतो, ते सोडण्यासाठीच तो शिकत होता. सवर्ण साहित्यिक आमच्या कवितेत मढी, ढोरं, हाडकं शोधतात आणि ती नसली की म्हणतात यात अस्सलपणा कमी आहे. मी तेच केलं होतं. त्या पोराचं ऐकून शेवटी हातात पुस्तक काढलं. पण पेंटरनं पुस्तकही कॅलेंडरातल्या बाबासाहेबांचंच काढलं, जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. रात्री जागून परीक्षेला बसणाऱ्याच्या हातात असतं ते पुस्तक असं नसतं. ते जुन्या बाजारातलं, पाठ उसवलेलं, आधीच्या मालकानं पेननं रेघा मारलेलं असतं. हा तपशील कोणी भरायचा? मीही तेव्हा बोललो नाही, बॅटरी धरून उभा होतो.

आपल्याकडं मेलेले थोडे नाहीत. 10 जानेवारी 1974 ला मुंबईत मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. 1978 च्या ऑगस्टात नामांतरासाठी नागपूर पेटलं आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पोरं मेली. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार दिसला म्हणून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. लोक टँकर पेटवणार होते असं पोलिसांनी सांगितलं. गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही. गोळीबाराची गरजच नव्हती म्हणाला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. 2009 साली कोर्टानं फौजदार मनोहर कदमला जन्मठेप दिली, पुढं उच्च न्यायालयातून जामीन झाला. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' केला तेव्हा आम्हा पुढच्या पोरांना हे कळलं. नागपूरला इंदोऱ्यात नामांतर शहिदांचं स्मारक आहे. स्मारक चांगलंच. पण स्मारकाला माणूस वर्षातून एकदा जातो, चपला काढतो, हात जोडतो, घरी येतो. भिंतीपुढून त्याला रोज जावं लागतं. पिठाचा डबा घेऊन जावं लागतं, दारू पिऊन जावं लागतं. भिंत आपल्याला चपला काढायची संधी देत नाही.

आणि आमच्या स्वतःच्या जिल्ह्याचं? दुसऱ्याच्या गावच्या मेलेल्याचं चित्र काढणं सोपं असतं, हेही बोललं पाहिजे.

वैनगंगेच्या पलीकडं देसाईगंज. आम्ही वडसा म्हणतो. तेव्हा ते आमच्याच चांदा जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा 1982 ला वेगळा झाला. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर पोरीवर बलात्कार झाला. कायद्याची पुस्तकं तिला मथुरा या नावानं ओळखतात. ठाण्यात तिला बोलावलं होतं जबानीसाठी. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती असणार, असा न्याय. 1979 ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं. या देशाचा कायदा आमच्या झाडीच्या एका मजूर पोरीनं हलवला. आणि वडशात त्याची एक रेघ मी कुठल्या भिंतीवर पाहिली नाही.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं पेठेचं गाव. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथं, पडदे तिथं, पेंटर तिथं. रंगवणाऱ्या हातांचा दुष्काळ नाही. मी आमच्या पेंटरला विचारलं, हे काढशील का? तो म्हणाला, "फोटो कोठी आये? काढू काय?"

फोटो नाही, आणि असता तरी काढायचा नाही. तिचं नाव, तिचा चेहरा हा आपल्या भिंतीचा माल नाही. फ्लॉइडच्या भिंतीचा नियम इथं चालत नाही. तिथं चेहरा दाखवणं म्हणजे मान देणं, इथं न दाखवणं म्हणजे मान देणं. मग काय काढायचं हे मी पुष्कळ दिवस घोळवलं. खटल्याच्या कागदांतच ते आहे. बाहेर लोक जमले तेव्हा ठाण्याचे दिवे मालवलेले होते आणि दार आतून बंद होतं. बस्स, तेच. बंद दार, विझलेला दिवा, आणि दाराबाहेर अंधारात जमलेली आमची माणसं, पाठमोरी, एकाचाही चेहरा दिसत नाही अशी. खाली साल. पेंटर ऐकून म्हणाला, "याच्यात त काराच कारा लागते." मी म्हटलं, लागू दे.

अजून ते काढलेलं नाही. काढायला भिंत कोण देणार हा प्रश्न आहे. गडचिरोलीच्या आतल्या भागात भिंत म्हणजे काय, हे तिथल्या घरमालकाला विचारा. रात्री एकजण घोषणा लिहून जायचा, सकाळी दुसरा येऊन विचारायचा, तुझ्या भिंतीवर कोणी लिहिलं? दोघांच्या हातात बंदूक. पुसावं तर याची भीती, ठेवावं तर त्याची. भिंत त्याची, मजकूर दोघांपैकी कोणाचा तरी, मार त्याला. अशा मुलखात आम्ही चित्राच्या गोष्टी करतो, हे विसरू नये.

सरकारला मात्र भिंतीची कमतरता नाही. चंद्रपूरच्या बाजूला जा, वाघच वाघ. ताडोबाचा वाघ पाणी पितो, वाघ बघतो, वाघीण पिल्लं घेऊन चालते. स्वच्छतेच्या भिंतीवर गांधीजींचा चष्मा. गांधीजी सावलीला खरोखर आले होते, 1936 ला, गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथं भरलं तेव्हा. आता चष्मा उरलाय. वाघांबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याकडं मोहाला गेलेली माणसं वाघ खातो, ती तक्रार वेगळी. पण त्या वाघांचं चित्र बघा, केस न केस काढलेला. रंगाला पैसा आहे, पेंटरला दिवसाची हजेरी आहे. आमच्या भिंतीला वर्गणी.

वर्गणीचं काम कच्चं होतं, पण ते बरं. वॉशिंग्टनला 5 जून 2020 ला महापौरांनीच राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोरच्या रस्त्यावर पिवळ्या रंगात रस्ताभर अक्षरं काढून दिली की काळ्यांचे जीव मोलाचे आहेत. जगभर फोटो गेला. तिथल्याच चळवळीतल्या लोकांनी सांगितलं, हा देखावा आहे, आधी पोलिसांचं बजेट बघा, आणि त्याच रंगात शेजारी आपली मागणी लिहून टाकली. 2025 च्या मार्चमध्ये, वरचं सरकार बदललं तसं, त्याच महापौरांच्या राजवटीत ती अक्षरं खोदून काढली. सरकारनं दिलेली भिंत सरकार परत नेतं. कोपऱ्यावरच्या दुकानाचं तसं नसतं, आणि आमच्या आजीचंही नाही. हे मी का म्हणतो ते सांगतो.

चित्राखाली पोरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. नाव. परभणी. तारीख. चौथी ओळ, न्यायालयीन कोठडीत मृत्यू. एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही, जे कागदावर आहे तेच. आठव्या दिवशी साध्या कपड्यातली दोन माणसं आली. फोटो काढला. कोणी काढलं, परवानगी आहे का, 1995 चा विद्रूपणाचा कायदा माहीत आहे का. आजी उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "घरकुल माज्या नावानं आये. भित माजी. पोरगाबी माजाच समजा." ती दोघं निघून गेली. बस्स, एवढंच झालं. कोणी मारलं नाही, धमकी दिली नाही. त्यांची खरी नावं, कोणत्या ठाण्याचे, काही माहीत नाही.

पण तेवढं आम्हाला पुरलं. रात्री विहारात बैठक. एक म्हणाला, पुसून टाका, जयंती जवळ आली, परवान्याला त्रास होईल. दुसरा म्हणाला, वरून बुद्ध काढा, बुद्धाला कोण हात लावते. बुद्धाला झाकण म्हणून वापरायची ही युक्ती ऐकून मला लाज वाटली, पण त्या दोघांची पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, हेही मला माहीत आहे. पोलिसांत गेलं तर घराला पक्का पगार, दुसरी वाट काय आहे इथं? मिल? शेवटी तोडगा निघाला. चेहरा राहू द्या, चौथी ओळ काढा. दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर चुन्याचा हात मारला गेला. कोणी मारला ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही. तो माझा मित्र आहे.

आता चित्र कसं झालंय बघा. गोरा चेहरा, मागं ढग, हातात पुस्तक, खाली नाव, गाव, तारीख आणि एक पांढरी पट्टी. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, हा इथला कोणी गुणी विद्यार्थी अपघातात गेला असावा. आमचे काही कवी मित्र म्हणाले, पट्टीच जास्त बोलते, कोरी जागा जास्त सांगते. हे मला पटत नाही. कोरी जागा बोलते हे ज्यांचं सगळं आधीच लिहून झालंय त्यांनी म्हणावं. आमचं अजून एकदाही नीट लिहून झालेलं नाही. पट्टी म्हणजे पट्टी. तिच्याखाली एक वाक्य होतं, ते खरं होतं आणि ते आम्ही पुसलं.

चित्र म्हणून माझं मत विचाराल तर, रेषा पक्की, रंग खोटा, मागची जागा वाया, मजकूर अर्धा. तरी असं चित्र गावात दुसरं नाही. शाळेतली पोरं त्याच्यासमोर थांबतात. एकानं मला विचारलं, हा कोन? मी सांगितलं. त्यानं विचारलं, मंग पोलिसाले काय झालं? मी म्हटलं, अजून केस चालू आहे. तो म्हणाला, "आँ?" आणि गेला.

भिंतीला खालून ओल धरली आहे. खार फुटलाय, हनुवटीजवळचा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय. डिस्टेंपर होतं, बाहेरच्या भिंतीचा रंग नव्हताच, पैसे नव्हते. पेंटर म्हणतो, पावसाळ्याच्या आत खरवडून पुन्हा मारावं लागेल, नाही तर मिरगातच सगळं धुऊन जाईल. म्हणजे चेहरा पुन्हा काढायचा आहे. नाटकाचा हंगाम सरलाय, तो मोकळा आहे. मी त्याला विचारलं, या खेपेला काळा करशील का? तो खूप दिवसांपासून विचार करत असावा, कारण लगेच बोलला. म्हणाला, "कारा रंग टाकला का चेहरा मरते. मळका दिसते. तपकिरीत निरा टाका लागते, मंग खरा येते. जाडे लागतीन पन. स्टेनरच्या दोन ट्यूबा आना."

ट्यूबा आणल्या आहेत. माझ्या आठवड्याच्या हजेरीतून. चौथ्या ओळीबद्दल परत बैठक आहे, परवा, विहारात. आजी म्हणते, या खेपेले रंग घोटताना मी बाजूले बसून राहीन.